घरी छापलेले वॉटरस्लाइड डिकल: रेसिंग मॉडेलवर लावताना या चुका टाळा

१९६८ आणि १९६९, सलग दोन वर्षं ल माँची २४ तासांची शर्यत एकाच फोर्ड जीटी४० नं जिंकली. चासी क्रमांक १०७५. गल्फ या तेल कंपनीचा फिकट निळा रंग, मधोमध नारिंगी पट्टा, पहिल्या वर्षी ९ नंबर आणि दुसऱ्या वर्षी ६. ही गाडी १:६४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चौसष्टाव्या भागाएवढ्या मॉडेलवर, रंगवायची इच्छा छोट्या गाड्या नव्यानं सजवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी होते, आणि घरच्या डिकलमध्ये, म्हणजे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून लावायच्या पातळ छापील फिल्ममध्ये, येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एकाच गाडीवर भेटतात. म्हणून तीच समोर ठेवून सांगतो. डिकल फसलं की दोष पाण्याला किंवा हाताला दिला जातो, पण बहुतेक वेळा ते पाण्यात जायच्या आधीच बिघडलेलं असतं.

प्रिंटरकडे पांढरा रंग नसतो

सगळ्यात मोठी चूक हीच. घरच्या प्रिंटरमध्ये निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई असते. पांढरं म्हणजे न छापलेली जागा. पारदर्शक शीटवर पांढऱ्या गोलातला काळा ६ छापला, तर गाडीवर उमटतो फक्त काळा ६, थेट निळ्या रंगावर. नारिंगी शाईही इतकी पातळ असते की निळ्यावर गेली की मातकट तपकिरी दिसते.

पांढरी शीट वापरली तर रंग खरे दिसतात, पण कापताना केसभर जरी चुकलं तरी पांढरी कड डोळ्यांत भरते. कडेला बॉडीचाच निळा छापून ती लपवू पाहणारे बरेच आहेत. तसं करू नका. छापलेला निळा आणि स्प्रेचा निळा घरात कसाबसा जुळला तरी उन्हात वेगळा पडतो.

माझं ठाम मत असं, की पट्टा डिकलनं करूच नये. मास्किंग टेप लावून रंगवावा. नंबरासाठी कोऱ्या पांढऱ्या शीटवर क्लिअरचा (पारदर्शक स्प्रेचा) हात मारून त्यातून गोल पाडावा, तो गाडीवर बसवून रात्रभर वाळू द्यावा आणि वरून पारदर्शक शीटवरचा काळा आकडा लावावा. खऱ्या गाडीवरचा अर्ध्या मीटरचा गोल १:६४ मध्ये पावणेआठ मिलिमीटरचा होतो, त्यामुळे चामड्याला भोकं पाडायचा ८ मिलिमीटरचा पंच इथे चपखल बसतो. कात्रीनं कापलेला गोल कधीच गोल दिसत नाही.

छपाईच्या वेळी

इंकजेटची शीट आणि लेझरची शीट वेगळी असते. लेझरच्या शीटवर इंकजेटची शाई थेंब धरून बसते, वाळत नाही. उलटं केलं तर जास्त नुकसान: इंकजेटच्या शीटचा थर लेझर मशीनच्या गरम रोलरला चिकटू शकतो. झेरॉक्सच्या दुकानात छापायला नेणार असाल तर शीट लेझरचीच घ्या आणि मशीनवर काय चढतंय ते दुकानदाराला आधी सांगा.

प्रिंट सेटिंगमध्ये ‘फिट टू पेज’ बंद, आकार १०० टक्के. आकडे आणि चिन्हं इंकस्केपसारख्या व्हेक्टर प्रोग्रॅममध्ये काढा. नेटवरून उचललेली जेपीजी इतकी लहान केली की अक्षरांभोवती करडा धुरळा येतो. आणि आधी साध्या कागदावर छापून, कापून, गाडीवर धरून बघा. खरी जीटी४० जेमतेम ४० इंच उंच, म्हणजे आपल्या हातातली सोळा मिलिमीटर. स्क्रीनवर नेमकं वाटणारं चिन्ह दारावर ठेवलं की चाकाच्या कमानीवर चढलेलं दिसतं, ते कागदावरच कळलेलं बरं.

क्लिअर कोटची घाई

इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून वरून ॲक्रिलिक क्लिअर लागतोच. पण छापल्या छापल्या नाही. एक दिवस वाळू द्या. मग लांबून दोन-तीन हलके हात, मध्ये पंधरा-वीस मिनिटं सोडून. पहिलाच हात ओला मारला की शाई पसरते आणि काळ्या आकड्याला जांभळी कड येते. फार जाड थर दिला तर डिकल ताठ होतं आणि बॉनेटच्या वळणावर बसतच नाही. पावसाळ्यात दमट हवेत स्प्रे केला तर क्लिअर दुधाळ पडतो. आठवडाभर थांबावं लागलं तरी कोरडा दिवस बघा.

मॅट रंगावर डिकल

डिकलखाली चंदेरी, धुरकट चकाकी दिसते ना, ती अडकलेली हवा असते. मॅट रंग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो आणि फिल्म त्या खड्ड्यांत उतरत नाही. गाडी आधी ग्लॉस करा आणि तो थर पूर्ण कडक होऊ द्या. शेवटी हवं तर मॅट मारता येतं.

चकाकी आलीच तर बारीक सुईनं तिथे दोन-चार टोचे मारा आणि मार्क सॉफ्टर किंवा मायक्रो सोल या डिकल मऊ करणाऱ्या द्रावणाचा थेंब सोडा. त्यानं फिल्म मऊ होऊन खाली बसते. थेंब पडल्यावर डिकल सायीसारखं सुरकुततं. घाबरून बोट लावू नका, वाळताना बहुधा ते आपोआप ताणलं जातं. मात्र घरची फिल्म प्रत्येक सॉफ्टरशी सारखी वागत नाही, तेव्हा उरलेल्या तुकड्यावर आधी करून बघा.

पाणी

कोमट पाणी, दहा-वीस सेकंद, मग चिमट्यानं बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर. वाटीत तरंगत ठेवलं तर कागदावरचा डिंक धुऊन जातो, आणि चिकटवतो तो डिंकच. बोअरचं पाणी वापरू नका. क्षार वाळून गडद रंगावर पांढरे डाग पडतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्तात मिळतं.

जागेवर आधी थोडं पाणी लावा आणि डिकल कागदावरून ओल्या ब्रशनं सरकवा, उचलू नका. जागा पक्की झाली की ओली कापसाची काडी मधून कडेकडे फिरवा. काडी घासली तर आकडा तिच्यासोबत निघून येतो. गोल दाराच्या फटीवर आला असेल तर पूर्ण वाळू द्या, नव्या ब्लेडनं फटीवरून एकदाच चीर द्या आणि तिथे सॉफ्टर सोडा. नाहीतर फटीवर फिल्म ताणून बसते आणि गोल रंगवलेला नाही, चिकटवलेला वाटतो.

शेवटचा क्लिअर किमान एक दिवसानंतर, पुन्हा हलक्या हातांनीच, कारण स्प्रेमधला थिनर खालच्या फिल्मलाही विरघळवतो. डिकलची कड लपवायची असेल तर चार-पाच पातळ थर द्या, काही दिवस वाळू द्या आणि २००० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरनं फक्त कडेपुरतं अलगद घासा. पेपरवर रंग दिसला की थांबा. मग अजून एक हात क्लिअर.