आवाज मागे का पडतो आणि दोनदा का ऐकू येतो? टीव्ही, साउंडबार आणि स्पीकर जुळवताना या चुका टाळा

टीव्हीला साउंडबार जोडला आणि शेजारच्या खोलीत एखादा बिनतारी स्पीकर ठेवला की दोन तक्रारी हमखास सुरू होतात. पहिली तक्रार अशी की पडद्यावरील माणसाचे ओठ आणि त्याचे शब्द यांचा मेळ बसत नाही. दुसरी अशी की एकच शब्द दोनदा कानावर पडतो. या दोन्हींची कारणे वेगळी आहेत, तरी 'आवाज बिघडला' अशी एकच नोंद मनाशी करून लोक मेनूमध्ये हाताला लागेल ती सेटिंग बदलत राहतात, आणि मूळ दोष जागेवर राहून त्यावर नवा दोष चढतो. या साऱ्या विषयात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी लागते: विलंबाची सेटिंग पुढे गेलेल्याला थांबवू शकते, पण मागे राहिलेल्याला पुढे आणू शकत नाही. त्यामुळे किती मिलिसेकंदांचा आकडा टाकावा, हा प्रश्न नंतरचा आहे. आधी कोण पुढे आहे आणि कोण मागे आहे, हे ठरवावे लागते.

कोण मागे आहे हे न पाहता 'ऑडिओ डिले' वाढवणे

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा घडणारी चूक आहे. मेळ बसत नाही असे दिसताच मेनूत 'ऑडिओ डिले' शोधून त्यात शंभरचा आकडा टाकला जातो. आवाज खरोखर पुढे असेल, तर हा उपाय योग्य आहे. पण तो आधीच मागे असेल, तर शंभर मिलिसेकंदांची भर पडून दोष वाढतो.

आवाज पुढे जातो तो बहुधा चित्राला उशीर झाल्यामुळे. आजचा टीव्ही आलेले चित्र जसेच्या तसे दाखवत नाही. हालचाल गुळगुळीत करणे, चित्रातील कण पुसणे, कमी रेखीव चित्र मोठ्या पडद्यासाठी वाढवणे या कामांसाठी तो काही चौकटी (फ्रेम) हातात धरून ठेवतो. सेकंदाला 50 चौकटींच्या प्रक्षेपणात प्रत्येक चौकट 20 मिलिसेकंदांची असते, म्हणजे चार चौकटी अडवल्या की चित्र 80 मिलिसेकंद मागे पडते. टीव्ही स्वतःच्या स्पीकरचा आवाज तेवढाच रोखून धरतो, म्हणून एकट्या टीव्हीवर हा दोष सहसा जाणवत नाही. मात्र प्लेअरची तार आधी एव्ही रिसीव्हरमध्ये (स्पीकर चालवणाऱ्या आणि चित्र पुढे टीव्हीकडे पाठवणाऱ्या पेटीत) आणि तेथून टीव्हीमध्ये गेली असेल, तर रिसीव्हर चित्राची वाट न पाहता आवाज सोडून देतो. अशा वेळी रिसीव्हरमध्ये विलंब वाढवावा, किंवा टीव्हीवर गेम मोड (चित्रावरील प्रक्रिया कमी करणारी सेटिंग) निवडून चित्राचा उशीर कमी करावा.

येथेच एक खाचखळगा आहे. 'गेम मोड लावा म्हणजे विलंब जाईल' हा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण तो आवाज पुढे असतानाच लागू पडतो. आवाज मागे असेल तर गेम मोडमुळे चित्र आणखी लवकर दिसू लागते आणि दोघांतील अंतर वाढते.

पुढे-मागे ठरवण्यासाठी संवादाचे दृश्य निवडू नये, आणि दुसऱ्या भाषेतून ध्वनिमुद्रित केलेला चित्रपट तर मुळीच निवडू नये, कारण त्यातील ओठ आणि शब्द कोणत्याही आकड्याने जुळणार नाहीत. हातोडीचा घाव, जमिनीवर आपटणारा चेंडू, टाळी असे एका क्षणात घडणारे दृश्य पाहावे. त्याहून चांगले म्हणजे पडदा क्षणभर उजळतो आणि त्याच वेळी 'बीप' वाजते अशी चाचणीची चित्रफीत लावून फोनवर सेकंदाला 240 चौकटींनी चित्रित करावी. त्यातील प्रत्येक चौकट चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त असते, त्यामुळे उजेड आणि आवाज यांच्यामधल्या चौकटी मोजल्या की विलंबाचा चांगला अंदाज येतो. फोन स्पीकरजवळ धरावा, आणि त्याआधी स्वतःची टाळी चित्रित करून फोनमध्येच काही तफावत आहे का ते तपासावे. असल्यास ती मोजमापातून वजा करावी. ज्या मार्गावर दोष आहे, त्याच मार्गावर चाचणी झाली पाहिजे. टीव्हीतील ॲपवर मोजलेला आकडा बाहेरून जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सला लागू पडेलच असे नाही.

तफावत शून्यावर आणण्याचा हट्ट मात्र नको. निसर्गात प्रकाश आधी पोहोचतो आणि ध्वनी नंतर, त्यामुळे किंचित मागून येणारा आवाज आपल्याला खटकत नाही, पण चित्राआधी आलेला आवाज लगेच खटकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 1998 च्या शिफारशीत हा फरक आकड्यांत दिलेला आहे: आवाज सुमारे 45 मिलिसेकंद पुढे गेला तरी तो जाणवू लागतो, मागे पडलेला मात्र सुमारे 125 मिलिसेकंदांपर्यंत ध्यानात येत नाही. म्हणून शंका असेल तेव्हा आवाज किंचित मागे ठेवणे अधिक सुरक्षित असते.

एकाच चुकीची तीन ठिकाणी दुरुस्ती करणे

विलंबाची सेटिंग स्ट्रीमिंग बॉक्समध्ये असते, टीव्हीत असते आणि साउंडबारमध्येही असते. 2006 मध्ये आलेल्या एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच तारेतून नेणारी जोडणी) 1.3 आवृत्तीपासून उपकरणांनी आपापला विलंब एकमेकांना कळवून मेळ आपोआप साधण्याची सोयही आहे. आपोआप झालेल्या दुरुस्तीवर हाताने केलेली दुरुस्ती चढली की दोष उलट्या दिशेला जातो. माझ्या घरी असाच एक दोष शोधण्यात दोन संध्याकाळ गेल्या. टीव्हीत पूर्वी कधीतरी टाकलेला आकडा तसाच राहिला होता आणि मी साउंडबारमध्ये त्याच्याशी झगडत होतो. तेव्हापासून मी प्रत्येक उपकरणातील आकडा आधी शून्यावर आणतो, स्वयंचलित जुळवणी चालू करून पाहतो, आणि तरीही तफावत उरली तर ती एकाच ठिकाणी दुरुस्त करतो.

टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्याच तारेतून साउंडबारकडे परत नेणारा जुना एआरसी मार्ग 2009 च्या 1.4 आवृत्तीत आला. 2017 च्या 2.1 आवृत्तीतील त्याच्या सुधारित रूपात, म्हणजे ईएआरसीमध्ये, ओठ आणि आवाज जुळवण्याची सोय बंधनकारक आहे, म्हणून दोन्ही उपकरणांत ती असेल तर तीच वापरावी. जुन्या एआरसीवर दोष राहत असेल, तर ध्वनीचा प्रकार 'बिटस्ट्रीम' (दाबून लहान केलेला आवाज) ऐवजी 'पीसीएम' (न दाबलेला आवाज) करून पाहावा. बिटस्ट्रीममधील डॉल्बी डिजिटल या प्रकाराचा आवाज 1536 नमुन्यांच्या (ध्वनीच्या क्षणोक्षणीच्या मोजमापांच्या) गठ्ठ्यांत येतो आणि सेकंदाला 48,000 नमुने या हिशेबाने प्रत्येक गठ्ठा 32 मिलिसेकंदांचा होतो. गठ्ठा पूर्ण हाती आल्याशिवाय तो उलगडता येत नाही. पीसीएममध्ये ही वाट पाहणे टळते, मात्र जुन्या एआरसीवर त्यासाठी सभोवार ध्वनी सोडून दोन वाहिन्यांवर समाधान मानावे लागते.

टीव्हीचे आणि साउंडबारचे स्पीकर एकत्र चालू ठेवणे

आवाज 'भरदार' व्हावा म्हणून दोन्ही चालू ठेवले जातात, आणि परिणाम नेमका उलटा होतो. हेल्मुट हास या संशोधकाने 1949 मध्ये दाखवून दिले की एकच ध्वनी दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर सुमारे 30 मिलिसेकंदांपर्यंत कान त्यांना एकच मानतो आणि आधी पोहोचलेल्या दिशेलाच त्याचा उगम समजतो. बोलण्याच्या बाबतीत हे अंतर 50 मिलिसेकंदांच्या आसपास गेले की दुसरा आवाज सुटा होऊन प्रतिध्वनीसारखा ऐकू येतो.

स्पष्ट प्रतिध्वनी निदान ओळखू तरी येतो. खरी फसगत लहान अंतरांत होते. दोन आवाजांत केवळ एका मिलिसेकंदाचा फरक असला, तरी 500 हर्ट्झच्या आसपासचा स्वर एकमेकांना छेद देऊन क्षीण होतो. तसेच 1500 आणि 2500 हर्ट्झचेही होते. बोलणारा माणूस नळीतून बोलत असल्यासारखा वाटतो आणि ऐकणाऱ्याला साउंडबारच सुमार दर्जाचा वाटू लागतो. साउंडबार बदलण्याचा विचार करण्यापूर्वी टीव्हीच्या ध्वनी मेनूत जाऊन आतील स्पीकर बंद करून ऐकावे. रिमोटने आवाज कमी करणे हा त्याला पर्याय नाही, कारण अनेक जोडण्यांत तेच बटण साउंडबारचाही आवाज कमी करते. साउंडबार टीव्हीनंतर उशिरा सुरू झाल्यामुळे टीव्ही स्वतःच्या स्पीकरकडे परत वळला असेल, तर कोणता स्पीकर निवडलेला आहे हेही पुन्हा पाहावे.

ब्लूटूथकडून तारेचे काम अपेक्षिणे

ब्लूटूथने जाणारा आवाज आधी दाबून लहान केला जातो, तुकड्यांत पाठवला जातो आणि स्पीकरमध्ये थोडा साठवून मगच वाजवला जातो. आवाज दाबण्याच्या नेहमीच्या एसबीसी पद्धतीत यासाठी 150 ते 250 मिलिसेकंद सहज लागतात. फोनवर चित्रपट पाहताना हे जाणवत नाही, कारण फोनला हा विलंब ठाऊक असतो आणि तो चित्रच तेवढे थांबवतो. अनेक टीव्ही तसे करत नाहीत, आणि खेळ खेळताना तर चित्र थांबवणे शक्यच नसते. येथे मागे राहणारा आवाज आहे, म्हणून विलंबाची सेटिंग कामाची नाही. मार्गच बदलावा लागतो. सुमारे 40 मिलिसेकंदांत काम करणारी ॲपटीएक्स लो लेटन्सी ही पद्धत आहे, पण पाठवणारा आणि घेणारा या दोघांतही ती असावी लागते. साधी तार हा उपाय आजही सर्वांत खात्रीचा आहे. दहा मीटर तारेतून संकेत जायला सेकंदाच्या दोन कोटीव्या भागाइतका वेळ लागतो, त्यामुळे धड चालणारी तार काढून महागडी तार घातल्याने विलंबात काहीही फरक पडत नाही.

दोन वेगवेगळ्या बनावटीचे ब्लूटूथ स्पीकर एकाच वेळी जोडणे हीदेखील यातलीच चूक आहे. प्रत्येकाचा साठवणीचा वेळ वेगळा असल्याने त्यांच्यात प्रतिध्वनी होतोच. एकाच बनावटीचे दोन स्पीकर त्यांच्या स्वतःच्या जोडी पद्धतीने जोडावेत. ज्याची तांत्रिक व्याख्या 2022 मध्ये पूर्ण झाली त्या एलई ऑडिओ या ब्लूटूथच्या नव्या प्रकारात अनेक स्पीकर एका वेळेवर वाजवण्याची सोय मुळातच आहे.

दोन खोल्यांतील वेगळ्या यंत्रणा मिलिसेकंदांत जुळवू पाहणे

दोन खोल्यांत दोन टीव्ही आणि दोघांवर तेच प्रक्षेपण, पण एकाला सेट-टॉप बॉक्स आणि दुसऱ्यावर इंटरनेटवरील ॲप, अशी मांडणी असेल तर जुळवाजुळवीच्या फंदात पडू नये. इंटरनेटवरील प्रक्षेपण तुकड्यांत साठवून दाखवले जाते, त्यामुळे ते कित्येक सेकंद, प्रसंगी त्याहूनही बरेच मागे असते. आणि बहुतेक टीव्हींतील विलंबाची सेटिंग काही शे मिलिसेकंदांपलीकडे जात नाही. उगम एकच ठेवून एचडीएमआय स्प्लिटरने (एकच संकेत दोन तारांत वाटणाऱ्या डबीने) तो दोन्हीकडे नेला, तरच दोन्ही पडदे जुळवण्याच्या टप्प्यात येतात. उरलेली तफावत मग पुढे असलेल्या टीव्हीचा आवाज रोखून मिटवता येते.

सुरुवातीला सगळे जुळलेले असते आणि तासाभराने फाटते, हा प्रकार निराळा आहे. प्रत्येक उपकरणाला स्वतःचे स्फटिकाचे घड्याळ असते आणि दोन घड्याळे कधीही तंतोतंत सारख्या वेगाने चालत नाहीत. दहा लाखांत 50 भागांचा फरक असला, तरी तासात 180 मिलिसेकंदांची तफावत साचते. थांबवून पुन्हा सुरू केल्यावर आवाज जुळतो आणि हळूहळू परत फाटतो, हे त्याचे लक्षण होय. विलंबाचा कोणताही कायम आकडा यावर चालत नाही. दोन्ही स्पीकर एकाच गटात, एका सामाईक वेळेवर चालणाऱ्या यंत्रणेत घालावे लागतात. क्रोमकास्टच्या गटात प्रत्येक उपकरणासाठी विलंब दुरुस्त करण्याची सोयही आहे. अशा यंत्रणा आवाज बराच आधी साठवून ठेवतात, त्यामुळे त्या संगीतासाठी उत्तम असल्या, तरी टीव्हीच्या आवाजासाठी जपून वापराव्यात.

सगळे अचूक जुळले तरी अंतराचा प्रश्न राहतो. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे प्रत्येक मीटरला जवळपास तीन मिलिसेकंद. एक स्पीकर कानाशी आणि दुसरा 17 मीटर दूर असेल, तर त्यांच्यात 50 मिलिसेकंदांचा फरक पडणारच. ज्या जागी बसून ऐकायचे ती जागा ठरवावी आणि लांबच्या स्पीकरचा आवाज कमी ठेवावा. एव्ही रिसीव्हरने स्वयंचलित मोजणीत सबवूफरचे (खर्जाच्या स्पीकरचे) अंतर प्रत्यक्षाहून जास्त दाखवले, तर ते मोजपट्टीने 'सुधारू' नये, कारण त्यात सबवूफरच्या आतील विलंबही धरलेला असतो.

खोलीचा दोष यंत्रावर ढकलणे

एक सोडून सर्व स्पीकर बंद करा आणि ऐका. तरीही आवाज घुमत असेल, तर दोष भिंतींचा आहे आणि मेनूत त्याचे उत्तर नाही. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांच्यापुढे 1895 मध्ये असेच एक व्याख्यानगृह होते, ज्यात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राहत असे. शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्यांनी तो घुमार किती कमी होतो हे रात्री-रात्री मोजले. घरात गालिचा, जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेले कपाट तेच काम करतात. समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये टाळी वाजवून फडफडल्यासारखा आवाज आला, तर त्यांतील एका भिंतीवर काहीतरी मऊ लावण्यापासून सुरुवात करावी.

टीव्हीवरून व्हिडिओ कॉल करताना स्वतःचाच आवाज परत ऐकू आला, तर आपल्याकडचे स्पीकर तपासत बसू नये. तो प्रतिध्वनी पलीकडच्या खोलीत तयार होतो: तेथील स्पीकरमधून निघालेला आपला आवाज तेथील मायक्रोफोन पकडतो. पलीकडच्या व्यक्तीने ब्लूटूथ स्पीकर जोडला असेल, तर तो काढून पाहायला सांगावे, कारण आवाज इतक्या उशिरा परत आला की ॲपमधील प्रतिध्वनी गाळणारी व्यवस्था अनेकदा त्याला ओळखू शकत नाही. दरम्यान त्यांनी हेडफोन लावले की त्रास लगेच थांबतो.