पणजोबांचा माग काढताय? सोलापूरकरांनी या चुका टाळा

सोलापुरात वाडवडिलांचा शोध घेणाऱ्याची पहिली पंचाईत नावावरूनच होते. ग्रामदैवत सिद्धेश्वर, त्यामुळे जुन्या कागदांत पानोपानी सिद्राम, सिद्धप्पा, सिद्धाराम, सिद्रामप्पा. त्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. १८९० च्या कागदात ‘सिद्राम बिन मल्लप्पा’, म्हणजे मल्लप्पाचा मुलगा सिद्राम, दिसतो, १९५० च्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, पुन्हा सिद्राम मल्लप्पा, आणि लोक खुशाल दोघांना एकच धरतात. मधला मल्लप्पा सिद्राम गळतो, म्हणजे अख्खी पिढीच गायब. वंशावळीत कुणी ऐंशी वर्षं एकच रान कसताना दिसला, तर त्याच्या दीर्घायुष्याचं कौतुक करण्याआधी मधला माणूस शोधा.

माझं स्पष्ट मत आहे की नावामागे धावू नये, नंबर धरावा. शेत असेल तर सर्व्हे नंबर, शहरातलं घर असेल तर सिटी सर्व्हे नंबर. माणसाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलं जातं, जमीन जागची हलत नाही. फक्त एक मेख आहे. १९४७ च्या कायद्यानुसार ज्या गावांत जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या सातबाऱ्यावरचा गट घेऊन १९२० चे कागद चाळलेत तर भलत्याचीच जमीन हाती लागेल. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालणारं एकत्रीकरणाचं पत्रक आधी काढा.

फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे

ही चूक तर जवळपास प्रत्येक जण करतो. वारस नोंद लगेच होतेच असं नाही. कर्ज काढायचं असतं, वाटणी करायची असते, तेव्हा कुठे तलाठ्याकडे चक्कर होते. मजकुरात ‘अमुक तारखेस मयत’ असं असेल तर ती तारीख घ्या. नसेल तर ‘या सालाआधी’ एवढंच लिहा.

हा फेरफार शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, खरा ऐवज तिथेच असतो. समजा, १९३८ च्या नोंदीत ‘मल्लप्पा सिद्राम, अ.पा.क. आई गंगाबाई’ असं आहे. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. म्हणजे त्या साली मल्लप्पा अठराच्या आत होता, जन्म १९२० च्या आधीचा नाही. वडील गेलेले आहेत आणि आई हयात आहे. जन्मदाखला नसताना एका ओळीतून एवढं कळतं. ‘ए.कु.मॅ.’ दिसलं तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव त्या एकाचं असलं तरी मागे भाऊ असणार, त्यांना विसरू नका. बायका शोधायच्या तर ‘इतर हक्क’ हा रकाना बघा, विधवा आणि मुली बऱ्याचदा तिथे सापडतात. त्याहून जुन्या कागदात ‘गंगू कोम सिद्राम’ असेल, तर ती सिद्रामची बायको.

शाळेच्या दाखल्यावरची १ जून ही जन्मतारीख फार मनावर घेऊ नका. नाव घालताना गुरुजींनीच ती टाकलेली असते. पण शाळेचं जनरल रजिस्टर मात्र जरूर बघा, दाखल्यावर न उतरलेला तपशील त्यात असू शकतो.

नोंद सापडतच नाही?

मग बहुधा तुम्ही चुकीच्या गावात किंवा चुकीच्या राज्यात शोधताय. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे थोरल्याची जन्मनोंद आजोळच्या कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, असायची शक्यता जास्त. तिथेही बाळाचं नाव शोधू नका. बारशाआधीची नोंद, त्यामुळे बापाचं नाव आणि पुढे नुसतं ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असू शकतं.

राज्याचं म्हणाल तर आजचा सोलापूर जिल्हा पूर्वी एकसंध नव्हताच. अक्कलकोट स्वतंत्र संस्थान, मंगळवेढा सांगली संस्थानात, आणि शेजारचं तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. निजामी कागद उर्दूत आणि साल फसली. फसलीत सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येतो, शकात ७८. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. फसलीचा आकडा शक समजून ७८ मिळवणारे कमी नाहीत, आणि मग पणजोबा थेट पेशवाईच्या आधी जाऊन बसतात.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरांची अडचण वेगळी. मूळ गाव तेलंगणात, तेलुगू पद्धतीने घराण्याचं नाव आधी, आणि इथल्या कारकुनाने ते मराठी कानाने ऐकून शेवटी टाकलेलं. अशा वेळी आडनावाचा उच्चार घरातल्या म्हाताऱ्यांकडून तेलुगूतच ऐका.

म्हाताऱ्यांना ‘कोणत्या साली?’ असं विचारूही नका. ‘रझाकारांच्या वेळी तुम्ही शाळेत होता का?’ असं विचारा, म्हणजे १९४७-४८ जवळ येऊन ठेपलात. त्यांच्या आईवडिलांच्या तोंडच्या गोष्टीत मार्शल लॉ आला, तर ते १९३० साल. बहात्तरचा दुष्काळ तर कुणीच विसरत नाही. आणि दारात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा, आला तर त्याला धान्य देऊन वाटेला लावण्याआधी तुमच्या घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची नावं म्हणायला सांगा, फोनवर रेकॉर्ड करा. त्यात बहुतेक पुरुषच असतात, आणि वरच्या टोकाला इतिहास कमी, अभिमान जास्त. पण खालच्या चार-पाच पिढ्या फेरफाराशी ताडून बघण्याजोग्या असतात.

मोडी कागद निघाला तर त्याला लॅमिनेशन करू नका, मूळ प्रत कुणाच्या हाती सोडू नका. वाचणाऱ्याला फोटो द्या आणि नुसता सारांश न घेता ओळीला ओळ असं देवनागरी लिप्यंतर मागा. सारांशात ‘बिन’, ‘कोम’ आणि बाजूच्या साक्षीदारांची नावं गळतात, आणि त्या साक्षीदारांत बरेचदा चुलतभाऊ किंवा मेहुणा असतो.