जिम नसलेल्या संघाची ताकद: शाळा उघडण्याआधीची तयारी

नवी मुंबईत मुलांचे फुटबॉल संघ चालवणाऱ्या बहुतेक दादा-ताईंकडे वजनं नसतात. बारा-चौदा वर्षांच्या खेळाडूला ती लागतही नाहीत. त्याला उडी मारून नीट खाली उतरता यावं, जोरात पळताना चार पावलांत थांबता यावं आणि एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने चेंडू मारताना कंबर डळमळू नये, एवढं आधी साधायचं. शालेय स्पर्धा आणि सुब्रतो कप या आंतरशालेय फुटबॉल स्पर्धेच्या सुरुवातीच्या फेऱ्या साधारण पावसाळ्यात येतात. म्हणून ही तयारी मेच्या मध्याला हातात घ्या. शाळा उघडल्यावर सुरू केली तर मुलं थेट चिखलात आणि सामन्यांत सापडतात.

सगळ्यात आधी एक वही करा. त्यात प्रत्येकाची जन्मतारीख आणि उंची लिहा. भिंतीला टेकवून, बूट काढून मोजा आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. तीन महिन्यांत दोन सेंटीमीटरपेक्षा जास्त वाढ दिसली, तर ते मूल वाढीच्या झपाट्यात आहे असं धरा. मुलींमध्ये हा झपाटा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलांमध्ये चौदाव्याच्या. चौदा वर्षांखालच्या एकाच संघात मिसरूड फुटलेला मुलगा आणि त्याच्या खांद्याला लागणारा मुलगा शेजारी उभे असतात. दोघांना एकच व्यायाम, एकाच संख्येने देणं चूक आहे. उंची झपाट्याने वाढत असताना हाडं पुढे जातात, स्नायू आणि तोल मागे राहतात. काल सहज जमणारी गोष्ट आज वेडीवाकडी होते. त्या महिन्यांत उड्या कमी करा, तोलाचे व्यायाम वाढवा आणि मुलाला सांगा की हे सगळ्यांचं होतं.

वहीत दुखण्यांचं एक पान ठेवा. टाचेच्या मागे दुखणं, ज्याला डॉक्टर सेव्हर म्हणतात, साधारण आठ ते तेरा वर्षांत दिसतं. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला दुखणारा उंचवटा येतो, तो ऑसगुड-श्लॅटर. तो थोडा उशिरा, दहा ते पंधराच्या दरम्यान. दोन्ही वाढत्या हाडावर स्नायूचा ताण पडल्याने होतात. अशा मुलाला महिनाभर घरी बसवायची गरज सहसा नसते. उड्या आणि वेगाची धाव कमी केली की बहुतेकांना आराम पडतो. पण मूल लंगडत असेल, रात्री दुखत असेल किंवा सांध्याला सूज असेल तर त्या दिवशी सराव बंद आणि डॉक्टरांकडे. ‘थोडं सहन कर’ हे वाक्य लहान मुलांच्या सरावात येऊच देऊ नका.

मग पालकांची एक छोटी बैठक घ्या, शक्यतो रविवारी सकाळी, मैदानावरच. ‘एवढ्या लहान वयात व्यायाम केला तर उंची खुंटते’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर तयार ठेवा: देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ खुंटत नाही, हे अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनेही स्पष्ट म्हटलं आहे. वयात येण्याआधी मुलांची ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारल्याने, दंड फुगून नाही. म्हणून महिन्याभराने आरशात काही दिसलं नाही तरी कुणी निराश होऊ नये. प्रोटीन पावडर आणू नका, हेही तिथेच सांगून टाका. सरावाआधी दीड-दोन तास पोहे किंवा पोळी-भाजी, नंतर अंडं, दूध, मोडाच्या मुगाची उसळ, गूळ-शेंगदाणे, केळं. घरात जे शिजतं त्यातच हे सगळं आहे. मुलींच्या आयांशी ताईंनी वेगळं बोलावं. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर ते सरावाचं यश समजू नये. बहुधा खाणं कमी पडतंय आणि डॉक्टरांना दाखवायला हवं.

सामान फारसं नाही. जाड सुती दोरी, दोरीउड्यांच्या दोऱ्या, खडू, मार्कर कोन, शिट्टी, सेकंद मोजणारं घड्याळ, दोन मुलांमागे एक जुना टॉवेल किंवा चटईचा तुकडा आणि बर्फाची पिशवी असलेली प्रथमोपचाराची पेटी. वजन हवंच असेल तर पाणी भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलो. दोन-तीन बाटल्या दप्तरात घालून दप्तर छातीशी घट्ट धरायचं आणि बैठक मारायची. पाठीवर अडकवून नको, कारण मूल पुढे झुकतं. सुरुवातीचे तीन-चार आठवडे तेही नको.

जागा ठरवताना टर्फच्या, म्हणजे तासाने भाड्याने मिळणाऱ्या कृत्रिम गवताच्या मैदानाच्या, मोहात पडू नका. टर्फचा तास महाग असतो, तो चेंडूसाठी ठेवा. ताकदीची वीस मिनिटं सोसायटीच्या लॉनवर किंवा मैदानाच्या कडेला होतात. सोसायटीच्या पोडियमच्या काँक्रीटवर बैठका, प्लँक (कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरून राहणं), तोल हे चालेल, उड्या मात्र गवतावर किंवा मातीवरच. मैदानाच्या पायऱ्या असतील तर त्यांची उंची मोजून ठेवा. पाऊल टाकून वर चढताना मांडी जमिनीला समांतर होण्याच्या वर जाऊ नये. लहान मुलांना एक पायरी पुरते. चढावर धावायचं असेल तर बेलापूरकरांना पारसिक टेकडी आहे. पहाटे गाड्या कमी असताना, रस्त्याच्या कडेने, वीस मीटर जोरात वर आणि चालत खाली. ठाणेकरांनी येऊरला जायचं तर उजाडल्यावर आणि मोठ्यांसोबत. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्याचा वावर आहे आणि संध्याकाळी तिथे मुलांना नेऊ नये. उतारावर पळवू नका, गुडघ्यांवर नको तेवढा भार येतो.

आता व्यायाम. पहिला आठवडा पूर्णपणे उडीनंतरच्या उतरण्याला द्या. बहुतेक प्रशिक्षक उंच उडी शिकवतात आणि उतरणं मुलांवर सोडतात. दुखापत मात्र उतरताना आणि वळताना होते. वीस-तीस सेंटीमीटरच्या पायरीवरून मुलांना दोन्ही पायांवर खाली उतरू द्या आणि तीन सेकंद जागेवर थिजायला सांगा. आधी चवडा टेकतो, मग टाच. गुडघे वाकलेले, कुल्ले किंचित मागे, छाती वर. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवा, आत पडता कामा नये. तुम्ही समोर उभे राहा, कारण आत पडणारा गुडघा बाजूने दिसत नाही. कानही वापरा. धप्प आवाज आला की पाय ताठ होते. मुलांना ‘मांजरासारखं उतरा’ एवढं म्हटलं तरी निम्मं काम होतं. दोन पायांवर पक्कं झालं की एका पायावर, मग बाजूला उडी, मग हवेत असताना जोडीदाराने खांद्याला हलकासा धक्का, शेवटी चेंडू डोक्याने मारून उतरणं. प्रत्येक टप्प्यात दहा-बारा वेळा, त्याहून जास्त नको.

मुलींच्या संघात हा टप्पा दुप्पट जपा. गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध फुटबॉलमध्ये मुलींचा मुलांपेक्षा जास्त वेळा फाटतो आणि वयात येण्याच्या काळात हा धोका वाढू लागतो. 30 ऑक्टोबर 2022 रोजी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, स्पेनने कोलंबियाला 1-0 ने हरवलं. त्याच नेरुळात आज मैदानावर येणाऱ्या मुलींना उतरायला कुणी शिकवत नसेल, तर ती आपली जबाबदारी आहे.

उतरणं जमलं की लंगडी. मला हा खेळ फुटबॉलच्या सरावात परत आणावासा वाटतो, कारण एका पायाची ताकद, घोट्याचा तोल आणि दिशा बदलणं त्यात आपोआप येतं, आणि मुलं हसत खेळत दमतात. दोन बदल करा. प्रत्येक डावात पाय बदलायला लावा, नाहीतर मुलं आवडत्या पायावरच खेळतात. आणि शिट्टी वाजली की जो जिथे असेल तिथे एका पायावर दोन सेकंद थांबेल. खो-खोमधली खालून उठून धावायची झेपही तशीच कामाची आहे. दहा वर्षांखालच्यांना लंगडी, खेकडाचाल, बेडूकउड्या आणि रस्सीखेच यांपलीकडे वेगळा ‘व्यायाम’ देऊच नका.

बारा वर्षांवरच्यांसाठी बैठका सावकाश घ्या: खाली जायला तीन सेकंद, टाचा जमिनीला चिकटलेल्या. तालमीतल्या शेकडो बैठकांची परंपरा मोठी आहे, पण ती पैलवानाची. आपल्या मुलाला आठ नेटक्या बैठका पुरेत. नवव्या बैठकीला गुडघा आत पडू लागला की तिथेच थांबायचं. पुढे एक पाय मागे ठेवून बैठक, मग पायरीवर चढणं, मग एका पायावर कट्ट्यावर बसून उठणं. नियम एकच: अजून दोन जमली असती असं वाटत असताना थांबवा.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. टॉवेलवर गुडघे टेकायचे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सरळ राहून हळूहळू पुढे झुकत जायचं, धरवेनासं झालं की हातांवर पडायचं. नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे याच स्नायूच्या, दुखापती साधारण निम्म्याने कमी होतात, हे मोठ्या खेळाडूंवरच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे. चौदा वर्षांवरच्यांना पहिल्या आठवड्यात तीन ते पाच वेळाच द्या. दुसऱ्या दिवशी मांडी दुखणार, हे आधी सांगून ठेवा. लहानांना त्याऐवजी पाठीवर झोपून, टाचा टेकवून कंबर उचलणं पुरे. जोडीदार उंची आणि वजनाने सारखे निवडा. मैत्रीवर सोडलं तर चाळीस किलोच्या मुलाला साठ किलोच्या मुलाचे घोटे धरावे लागतात.

पोटासाठी समोरचा आणि बाजूचा प्लँक, वीस-तीस सेकंद, तीनदा. कोण किती मिनिटं टिकतो याच्या शर्यती लावू नका, कंबर खाली झुकलेल्या प्लँकचा उपयोग नाही. वरच्या अंगासाठी जोर. न जमणाऱ्याने हात पायरीवर ठेवावेत. शाळेत मल्लखांब असेल तर त्या मुलांना वेगळं काही लागतच नाही.

हे सगळं स्वतः जुळवायला वेळ नसेल, तर फिफाचा दुखापती टाळण्यासाठीचा ‘11+’ कार्यक्रम उचला. आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद-तोल-उड्या, दोन मिनिटं वेगाची धाव, एकूण पंधरा व्यायाम, साधन फक्त चेंडू आणि कोन. नॉर्वेतल्या 13 ते 17 वयाच्या मुलींवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले: एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी. तेराच्या आतल्यांसाठी त्याचीच सात व्यायामांची ‘किड्स’ आवृत्ती आहे. पण आठवड्यातून किमान दोनदा, हंगामभर. महिन्यातून एकदा उत्साहाने केलेल्या वर्गातून काहीच मिळत नाही.

वार आत्ताच ठरवा. मंगळवार आणि शुक्रवार चांगले, मध्ये विश्रांती राहते. पंधरा-वीस मिनिटं, चेंडूच्या सरावाच्या आधी, अंग ताजं असताना. शेवटी ठेवलं तर दमलेले पाय चुकीचं उतरायला शिकतात. मेची दमट संध्याकाळ असेल तर दर पंधरा मिनिटांनी पाण्याची शिट्टी वाजवा आणि प्रत्येकाची बाटली वेगळी.

पावसासाठी दुसरी जागा जूनआधी विचारून ठेवा: शाळेचा वऱ्हांडा, समाजमंदिर, सोसायटीचा हॉल. परवानगीचं पत्र आधीच द्या, ऐन पावसात सचिव भेटत नाहीत. ओल्या लादीवर उडी नाही, लंगडी नाही. त्या दिवशी प्लँक, नॉर्डिक, बैठका आणि एका पायावर तोल राखत जोडीदाराशी चेंडू फेकाफेकी. मैदान नुसतं ओलं असेल तर बुटांखालचे स्टड तपासून खेळा. घोटाभर पाणी साचलं असेल तर खेळू नका, खालचे खड्डे दिसत नाहीत.

सामन्याच्या आठवड्यात ताकदीचा एकच दिवस ठेवा, तोही सामन्याच्या किमान तीन दिवस आधी, आणि नॉर्डिक अर्ध्यावर आणा. सामन्याच्या दिवशी ‘11+’मधला फक्त धावण्याचा पहिला आणि शेवटचा भाग घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सुट्टी. त्याच दिवशी वही उघडा आणि कुणाला कुठे दुखलं ते त्या पानावर उतरवून घ्या.