क्यू३ भारी का एक्स१? गाडीचा पिकअप स्वतः कसा मोजायचा

आमच्या दाजींना गाडी घ्यायची आहे आणि गेला महिनाभर घरात एकच विषय, ऑडी क्यू३ का बीएमडब्ल्यू एक्स१ डिझेल. जो भेटेल तो छातीठोकपणे सांगतो की हीच लै पळते, पण घड्याळ लावून कुणीच बघितलेलं नसतं. पन्नास लाखाच्या आसपासचा व्यवहार आहे, ऐकीव गोष्टीवर कशाला करायचा. मी दाजींबरोबर तीन रविवार दोन्ही गाड्यांत घालवले, त्यातून जी पद्धत जमली ती सांगतो.

आधी कंपनीचे आकडे. क्यू३ (२०२२ ला आलेली) म्हणजे २ लिटर टर्बो पेट्रोल, १९० पीएस (म्हणजे इंजिनची पॉवर), ३२० न्यूटन मीटर टॉर्क (म्हणजे इंजिनची फिरवायची, ओढायची ताकद), चारही चाकांना ताकद, ताशी ० ते १०० किलोमीटर वेगाला ७.३ सेकंद. एक्स१ डिझेल (२०२३ ची) म्हणजे २ लिटर, १५० पीएस, ३६० न्यूटन मीटर, फक्त पुढच्या चाकांना ताकद, ८.९ सेकंद. दोन्हीला ७ गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आता १.६ सेकंदाचा फरक म्हणजे किती? ढोबळ हिशोब केला तर क्यू३ शंभरला पोचते तेव्हा एक्स१ साधारण १८ मीटर मागं असते, म्हणजे चार गाड्या एकामागं एक लावल्यावर होईल तेवढं अंतर. हे डोळ्यासमोर आणलं की सेकंदाचा अर्थ कळतो.

एक लक्षात ठेवा, आकडे कुठले आहेत ते बघा. गाड्यांची अमेरिकन मासिकं गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू करतात, त्यात साधारण ०.३ सेकंद वाचतात, त्यामुळं तिकडचा आकडा आणि कंपनीचा आकडा शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता मोजायचं कसं. गाडीच्या स्पीडोमीटरवर विश्वास नको, युरोपच्या नियमानं तो खरा वेग कमी दाखवू शकत नाही पण १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत जास्त दाखवू शकतो, म्हणजे काट्यावर १०० दिसले तरी खरे ९४ असू शकतात. मोबाईलचा जीपीएस बहुतेक वेळा सेकंदाला एकदाच वेग घेतो, अर्ध्या सेकंदाचा फरक पकडायला तो पुरत नाही. ड्रॅगीसारखं छोटं जीपीएस यंत्र येतं, सेकंदाला १० वेळा वेग टिपतं, कुणाकडून मागून आणा. नसलंच तर शेजारी बसलेल्यानं काट्याचा व्हिडिओ काढायचा आणि नंतर फ्रेम मोजायच्या. आकडा थोडा खोटा येईल, दोन्ही गाड्यांच्या काट्यातली चूक सारखीच असेल असंही नाही, पण शून्यापेक्षा बरं.

० ते १०० रस्त्यावर करायला जाऊ नका, कळकळीनं सांगतो. हायवेवर थांबून सुसाट सुटणं म्हणजे मागच्या ट्रकच्या तोंडात जाणं. त्याच्यासाठी कंपनीचा आकडा पुरे. आपल्याला खरं काय लागतं? चालत्या गाडीचा पिकअप. कोल्हापूर-गगनबावडा रोडला हंगामात ऊसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन पुढं असतो, आपण ३० वर अडकलोय, समोर रस्ता मोकळा दिसला की ३० ते ८० किती लवकर होते ते महत्त्वाचं. म्हणून मोजा ३० ते ८०, आणि पुणे-बेंगळुरू हायवेवर ६० ते १००, त्याच्या वर नको, चौपदरीवर कारची मर्यादाच १०० आहे. पहाटे लवकर जा, रस्ता सरळ आणि सपाट घ्या, जाताना तीन आणि येताना तीन वेळा करा आणि सरासरी काढा, म्हणजे चढ-उतार आणि वारा दोन्ही निघून जातात. दोन्ही गाड्यांत तीच माणसं, तेवढंच तेल, टायरची हवा कंपनीनं दिलेली, एसी दोन्हीला चालू. एका गाडीत दोघं आणि दुसरीत पाच बसवले तर सगळी मेहनत फुकट, कारण पाच जण म्हणजे साडेतीनशे किलो आणि तेवढ्यानं पिकअप बऱ्यापैकी पडतो.

आणि हे दोनदा करा. एकदा ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, एकदा अर्धाच दाबून. इथं खरी गंमत आहे. पूर्ण दाबला की गिअरबॉक्स खालचा गिअर घेतो, इंजिन वर फिरतं आणि क्यू३ निघून जाते, कारण वेग शेवटी पॉवरवर ठरतो. पण अर्धाच दाबला आणि इंजिन २००० आरपीएमवर (मिनिटाला २००० फेरे) असलं तर डिझेलचे ३६० न्यूटन मीटर म्हणजे साधारण १०२ पीएस होतात, पेट्रोलचे ३२० म्हणजे ९१. म्हणून डिझेल गाडी पाठीत ढकलल्यासारखी वाटते आणि लोक म्हणतात हीच जास्त पळते. वाटणं खरंय, घड्याळ पण खरंय, दोन्ही वेगवेगळ्या पायांचे आहेत.

पन्हाळ्याचा चढ पण घ्या, कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटर आहे, वळणातून बाहेर पडताना किती पटकन ओढते ते बघा, मोजू नका, नुसतं अनुभवा. पावसाळ्यात जमलं तर गगनबावड्याला करुळ घाटात ओल्या रस्त्यावर हळू चढावरून निघून बघा. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्यात चाक फिरवून मग सुटते, क्यू३ चारही चाकांनी पकड घेऊन सरळ निघते. कोकणात वरचेवर जाणाऱ्यांनी मला वाटतं याला ० ते १०० पेक्षा जास्त वजन द्यावं.

शहरातला भाग विसरू नका. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या गर्दीत दहा मिनिटं सरकवून बघा, ड्युअल क्लच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका देतो का, पाय ठेवल्यावर गाडी थांबून मग उचलते का. हे कुठल्याच ब्रोशरात छापत नाहीत.

माझं मत विचाराल तर, एकट्यानं सारखं पुण्याला जाणारा आणि पाय दाबणारा असेल त्यानं क्यू३ घ्यावी. घरचे पाच जण भरून शांतपणे चालवणारा असेल त्याला एक्स१ डिझेल जास्त सुखाची. दाजी दुसऱ्यातले आहेत, पण क्यू३ घाटात चालवल्यापासून त्यांचा विचार हलायला लागलाय, म्हणून येत्या रविवारी परत पन्हाळा, या वेळी ताई आणि दोन्ही पोरांना मागं बसवून.