पडद्याची लांबी कशी ठरवावी: आधी दांडी, मग माप

खिडकीची चौकट मोजून पडदे शिवायला टाकावेत, असे सांगणाऱ्यांचे कृपया ऐकू नका. पडदा दांडीवरून सुटतो, म्हणून चौकटीच्या वर 4 ते 6 इंचांवर दांडी पक्की बसवल्याखेरीज मापाची पट्टी हातात घेऊ नये. समुद्राकाठच्या घरात साधी लोखंडी दांडी टाळावी, कारण खाऱ्या वाऱ्याने तिला धरलेला गंज कापडावर उतरतो आणि तो डाग धुऊनही जात नाही.

जांभ्याच्या जाड भिंतीत आतल्या बाजूला बसवलेला पडदा खिडकीच्या कट्ट्यापासून अर्धा इंच वर संपवावा. भिंतीवर बाहेरून लावलेला कट्ट्याखाली निदान 6 इंच यावा. जमिनीपर्यंतचा पडदा जमिनीपासून 1 इंच वरच थांबला पाहिजे. फरशीवर लोळणारे पडदे कोकणात लावूच नयेत, कारण पावसाळ्यात फरशीला सुटणारी ओल काठ शोषून घेतो आणि त्यावर बुरशीचे काळे ठिपके पडतात.

तयार पडदे बहुधा 5, 7 आणि 9 फुटांचे मिळतात. माप अधेमधे आले तर मोठा घेऊन आखूड करावा.

खरी अडचण सुती कापड आटण्याची आहे. रत्नागिरीच्या घरी एका गणपतीला मी माजघराचे पडदे अगदी नेमक्या मापाने शिवून घेतले आणि पहिल्याच धुण्यात ते जवळजवळ 3 इंच वर गेले. कापड आटणार नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. तेव्हापासून मी न धुतलेल्या सुती कापडाला कात्री लावू देत नाही. कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे, इस्त्री करावी आणि मगच बेतावे. पावसाळ्यात ते दिवसेंदिवस वाळत नाही व त्याला कुबट वास येतो, त्यामुळे गणपतीचे पडदे करायचे असतील तर हे काम मे महिन्यातच उरकावे.

हिशेब असा करावा. दांडीपासून जमीन 88 इंच असेल, तर तयार पडदा 87 इंचांचा होईल. वरच्या दुमडीचे 4 आणि खालच्या दुमडीचे 6 इंच धरून बेतण्यासाठी 97 इंच कापड लागेल. आटण्यासाठी शेकडा 5 धरल्यास दुकानातून 102 इंच, म्हणजे सुमारे 2.6 मीटर, घ्यावे. पडद्याला वरच्या काठावर धातूच्या गोल रिंगा ठोकणार असाल, तर कापड दांडीच्या वर साधारण इंचभर राहते, तेवढे आणखी धरावे.

जुन्या घरांची जमीन क्वचितच समपातळीत असते, म्हणून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन मापे पोलादी पट्टीने घ्यावीत व त्यांतले सर्वांत लहान धरावे. रुंदी दांडीच्या दुप्पट घ्यावी.

शिंप्याला खालची दुमड पक्की शिवू देऊ नका, केवळ टाचून आणा. जाड कापड स्वतःच्या वजनाने थोडे खाली उतरते. ते दोन दिवस दांडीवर टांगून ठेवावे, काठ पुन्हा मोजावा आणि त्यानंतरच शेवटची शिलाई मारावी.