एमआरआयच्या रिपोर्टवर ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ लिहिलंय? या चुका टाळा

‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ म्हणजे मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोहोचल्यानं झालेले बदल. एमआरआयवर ते पांढरे ठिपके म्हणून दिसतात; ते किती पसरलेत, हे फाझेकास ग्रेड सांगते. रिपोर्टच्या शेवटी ‘फाझेकास ग्रेड २’ दिसलं की घरातलं कुणी म्हणतं, ‘वयानुसार असतंच’, आणि दुसरं कुणी त्याच रात्री ॲस्पिरिन सुरू करतं. दोन्ही चुकतात.

ग्रेड म्हणजे बुद्धीचा मार्क समजणं

फाझेकासचा आकडा ० ते ३ असतो आणि तो नुसत्या नजरेनं ठरवतात. १ म्हणजे सुटे ठिपके, साठीनंतर ते सर्रास दिसतात. २ म्हणजे ठिपके एकमेकांना मिळू लागलेले, ३ म्हणजे पांढरे पट्टेच पसरलेले. पण ग्रेड २ असलेला एक माणूस सोसायटीचा हिशोब चोख ठेवतो, तर त्याच ग्रेडचा दुसरा ओटीपी टाइप करेपर्यंत मुदत संपते.

कारण नुकसान जोडणीचं असतं. मेंदूत खोलवर शिरणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. त्यांच्यावर पोसलेल्या ‘व्हाइट मॅटर’मधल्या मज्जातंतूंच्या तारा, विशेषतः कपाळामागचा भाग आणि थॅलॅमस (मेंदूच्या मधोमध असलेलं संदेशांचं जंक्शन) यांना जोडणाऱ्या, झिजतात. दादरला सिग्नल बिघडला की गाड्या बंद पडत नाहीत, पण सगळ्या लाइनी रखडतात. आडबाजूच्या स्टेशनात बिघाड झाला तर तेवढी ओरड होत नाही. तसंच थॅलॅमसमधला ३ ते १५ मिलिमीटरचा एकच लॅक्यून (बारीक धमनी बंद पडून उरलेली पोकळी) इतरत्र पसरलेल्या ठिपक्यांपेक्षा महाग पडू शकतो. शिवाय एमआरआयच्या नेहमीच्या फ्लेअर चित्रात निरोगी दिसणाऱ्या भागातही डिफ्यूजन इमेजिंगवर (तारांमधली पाण्याची हालचाल टिपणारा एमआरआयचा प्रकार) बदल सापडतात. नेदरलँड्समधल्या नायमेखन इथं २००६ पासून सुमारे ५०० जणांवर चाललेल्या अभ्यासात मेंदूतल्या या जोडण्यांच्या जाळ्याची कार्यक्षमता कमी असलेल्यांचा विचारांचा वेगही कमी आढळला. रोजच्या रिपोर्टमध्ये हे जाळं मोजलेलं नसतं, म्हणून ते माणसाच्या कामात शोधावं लागतं.

फक्त स्मरणशक्ती तपासणं

‘सकाळी काय खाल्लं?’ याचं उत्तर बरोबर आलं की घरचे निर्धास्त होतात. या आजारात आधी मंदावतो तो वेग, आणि एका कामातून दुसऱ्याकडे वळणं. कुकरच्या शिट्ट्या मोजताना फोन आला की दोन्ही हुकतात. एमएमएसई या स्मरण-बुद्धीच्या नेहमीच्या चाचणीत घड्याळ लावून करायचं काही नसतं, त्यामुळे तिथं ३० पैकी २८ सहज पडतात. ३० गुणांचीच मोका ही दुसरी चाचणी इथं जास्त उपयोगी: आकडे आणि अक्षरं आळीपाळीनं जोडणं, घड्याळ काढणं, एका मिनिटात एकाच अक्षराचे शब्द सांगणं. ती मराठीत उपलब्ध आहे, मराठीतच घ्या. चष्मा आणि श्रवणयंत्र लावून घ्या. १२ वर्षं किंवा कमी शिक्षण असेल तर १ गुण वाढवायचा असतो, तरीही चौथी शिकलेल्या आजींना २६ ची रेघ (त्याखाली गुण म्हणजे शंका) जशीच्या तशी लावू नये.

एक बारकावा फार कामाचा. चाचणीत लक्षात ठेवायला सांगितलेला शब्द आठवत नसेल तर ‘ती एक भाजी होती’ असा इशारा द्या. इशाऱ्यानं झटकन आठवलं, तर शब्द साठलाय पण काढता येत नाहीये. अल्झायमरमध्ये इशाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. अर्थात दोन्ही आजार एकत्रही असतात.

‘आळशी झालेत’ म्हणणं

रडत नाहीत, तक्रार नाही, जेवण ठीक. पण कुणी उठवल्याशिवाय उठत नाहीत. हे औदासीन्यही तुटलेल्या जोडणीतून येतं. नैराश्य वेगळं, त्यात दुःख असतं. चाल लहान पावलांची, पाय घासत झाली असेल किंवा लघवीची घाई होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा; सहसा राहूनच जातं.

बीपी जिना चढून आल्याआल्या मोजणं

५ मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीत, बोलणं बंद. सकाळी गोळीआधी आणि रात्री, एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा, असं ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या वर गेली तर दाखवा. उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनीही मोजा: वरचा आकडा २० नं उतरला तर पडण्याचा धोका. २०१९ च्या स्प्रिंट माइंड अभ्यासात वरचा आकडा १२० खाली ठेवणाऱ्या गटात पांढरे डाग कमी वाढले. पण त्यात मधुमेही आणि आधी स्ट्रोक झालेले नव्हते, तेव्हा १२० चा हट्ट स्वतःहून नको.

रक्त पातळ करण्याची घाई

स्ट्रोक नाही, नुसते डाग आहेत, तर त्यांच्यासाठी ॲस्पिरिनचा फायदा सिद्ध नाही. रक्तस्रावाचा धोका मात्र खरा. लॅक्युनर स्ट्रोकनंतर (बारीक धमनी बंद पडून होणारा) ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी दुसरी गोळी) कायम जोडीनं दिल्यानं स्ट्रोक लक्षणीय कमी झाले नाहीत, मृत्यू आणि रक्तस्राव वाढले, हे एसपीएस३ अभ्यासानं २०१२ मध्ये दाखवलं. हृदयासाठी चालू असलेली गोळी यावरून बंद करू नका. एमआरआयमध्ये एसडब्ल्यूआय (सूक्ष्म रक्तस्राव टिपणारी खास चित्रं) घेतलं होतं का, तेही विचारा. ते किंवा त्याच कामाचं टी२-स्टार नसेल तर सूक्ष्म रक्तस्राव दिसत नाहीत.

सगळं याच आजारावर ढकलणं

मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ तपासा, सोबत थायरॉइडसाठी टीएसएच. सर्दीची झोप आणणारी गोळी, नैराश्य किंवा नसांच्या दुखण्यासाठी ॲमिट्रिप्टिलिन, लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन यांनीही डोकं मंदावतं. आणि दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला तर ते ‘जुनंच’ नव्हे: लघवीचा संसर्ग, बीपीच्या थायाझाइड गोळीनं घटलेलं सोडियम, नवा स्ट्रोक. असा गोंधळ वाढलाय आणि गेल्या काही आठवड्यांत पडले असतील, तर डोक्याला किरकोळच लागलं असलं तरी, आत रक्त साचलंय का पाहायला सीटी स्कॅन त्याच दिवशी.