हाताची सूज टेपने मोजा
स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, म्हणजे अंगातला द्रव गाळणाऱ्या छोट्या गाठी) काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातात पाणी साठून सूज येऊ शकते, कधी कधी काही वर्षांनीसुद्धा. नुसत्या नजरेवर विसंबू नका. शिवणकामाची टेप घ्या, कोपराच्या १० सेंटीमीटर वर आणि तेवढंच खाली पेनाने खूण करा, दोन्ही हातांचा घेर मोजून तारखेसह लिहून ठेवा. टेप आवळायची नाही, फक्त टेकवायची. पूर्वीच्या मापापेक्षा २ सेंटीमीटर फरक पडला, किंवा त्याआधीच अंगठी रुतू लागली, हात जड वाटला, ठणकला, तर डॉक्टरांना दाखवा. जोरात चोळून घेऊ नका (असे सल्ले देणारे भेटतातच!). हात लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.